जेनचे तीस पौंड

नोकरीतल्या बाईला रजा हवी आहे. मालक विचारतो, प्रवासाला पैसे आहेत का? तिच्या बटव्यात सगळे मिळून पाच शिलिंग. मालकाला हसू येतं. तो ५० पौंडांची नोट पुढे करतो. तिचा थकलेला पगार आहे १५ पौंड. माझ्याकडे सुटे नाहीत, ती म्हणते. सुटे कुणाला हवेत, असू दे की सगळे, असा त्याचा आग्रह. पण ती हक्काच्या पैशांपेक्षा एक पेनीही जास्त घ्यायला तयार नाही. शेवटी तो दहा पौंड तिच्या हातावर ठेवतो. आणि ती? ती शांतपणे आठवण करून देते, की पाच अजून तुमच्याकडे बाकी आहेत!

मालक म्हणजे थॉर्नफिल्डचा एडवर्ड रॉचेस्टर आणि बाई म्हणजे त्याच्या घरातली गव्हर्नेस, जेन एअर. तोवर दोघंही एकमेकांच्या प्रेमात बुडालेली आहेत, फक्त कुणी बोललेलं नाही. अशा वेळी नायिका उरलेल्या पाच पौंडांचा हिशेब सांगतेय, म्हणजे बघा!

शार्लट ब्राँटेची ही कादंबरी १८४७ च्या ऑक्टोबरात ‘करर बेल’ या टोपणनावानं प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकींची जेनशी ओळख संक्षिप्त आवृत्तीतून झालेली असते, नाहीतर १९५२ सालच्या दिलीपकुमार-मधुबालाच्या ‘संगदिल’मधून. लक्षात काय राहतं? धीरगंभीर वाडा, माळ्यावरचं हसू, ऐन लग्नात फुटलेलं बिंग आणि शेवटी आंधळ्या नायकाकडे परत आलेली नायिका. पण मूळ कादंबरी सावकाश वाचली की एक वेगळीच गोष्ट जाणवायला लागते. जेनच्या आयुष्यात जो कुणी येतो, तो तिला आसरा देऊ करतो आणि त्याबरोबर एक अटही घालतो. जेनची सगळी लढाई त्या अटीशी आहे. तिला प्रेम हवंय, भरभरून हवंय. पण मिंधं होऊन नकोय.

पोसलेली पोर

दहा वर्षांची अनाथ जेन मामीकडे, गेट्सहेडला वाढतेय. मामानं मरताना बायकोकडून वचन घेतलेलं असतं, की या मुलीला आपल्या मुलांसारखं वाढव. मिसेस रीडनं वचन पाळलं, पण जेवणाखाणापुरतं. तिचा लाडावलेला मुलगा जॉन जेनच्या अंगावर पुस्तक भिरकावतो आणि ऐकवतो, की तू आमच्या जिवावर जगतेस, तुझ्या बापानं तुझ्यासाठी दमडी ठेवली नाही, तू खरं तर भीक मागायला हवीस. मोलकरीण तर त्याच्याही पुढे जाते. तिच्या मते जेन नोकरांहूनही खालची, कारण नोकर निदान काम करून खातात!

ही वाक्यं पोरीच्या मनात रुतून बसतात. गंमत म्हणजे या घरात तिला थोडीफार माया मिळते ती बेसी या दाईकडून. बेसी रागावते, फटकारते, पण गाणी म्हणते, गोष्टी सांगते. रक्ताच्या नात्यातली मामी आपली होत नाही आणि पगारी बेसी होते. माया कुठून मिळेल आणि अन्न कुठून मिळेल, यांचे पत्ते वेगवेगळे असतात, हे जेन इतक्या लहान वयात शिकते.

मिसेस रीड निव्वळ खलनायिका आहे असंही नाही. मनाविरुद्ध गळ्यात पडलेली नणंदेची मुलगी, नवऱ्याला स्वतःच्या मुलांपेक्षा त्या मुलीचा जास्त पुळका, हे तिचं दुखणं. उपकार करणाऱ्यालाही उपकाराचं ओझं होतं, आणि मग त्याला सतत कृतज्ञता हवी असते. ती मिळाली नाही की मनात अढी बसते. मिसेस रीडच्या मनातली अढी मरेपर्यंत सुटत नाही. जेन मृत्युशय्येपाशी क्षमा करायला जाते, तेव्हाही ही बाई तोंड फिरवते.

हेलन आणि मिस टेंपल

लोवूडच्या धर्मादाय शाळेत अट बदलते. इथे आसऱ्याची किंमत म्हणजे लीनता. शाळेचे सर्वेसर्वा ब्रॉकलहर्स्ट गरीब मुलींनी साधं राहावं म्हणून त्यांचे कुरळे केस कापायचा हुकूम सोडतात. आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या सौभाग्यवती आणि कन्या मखमल, रेशीम, फर लेवून, केसांची वळणं मिरवत आत येतात. ब्राँटे यावर लांबलचक भाष्य करत नाही. गरजच पडत नाही.

या शाळेत जेनला हेलन बर्न्स भेटते. अन्याय मुकाट सोसणारी, शत्रूलाही क्षमा करणारी. विनाकारण कुणी मारलं तर उलट मारलंच पाहिजे, असं जेनचं म्हणणं. हेलनला ते पटत नाही. दोघींचं यावर कधीच एकमत होत नाही, तरी मैत्री होते. हेलन क्षयानं जाते ती जेनच्या कुशीत. हे दुःख शार्लटनं बाहेरून पाहिलेलं नव्हतं. कोवन ब्रिजच्या अशाच शाळेत असताना आजारी पडलेल्या तिच्या दोन मोठ्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, १८२५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं गेल्या. शार्लट तेव्हा नऊ वर्षांची होती. हेलन म्हणजे मारियाच.

आणि मिस टेंपल. उपाशी मुलींसाठी स्वतःच्या कपाटातून केक काढून देणारी, जेनवरचा खोटेपणाचा आळ सगळ्या शाळेसमोर पुसून टाकणारी. तिनं जेनला दिलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. अशी एक जरी बाई लहानपणी भेटली, तर माणूस पुढे बरंच काही निभावून नेतो.

ना घरातली, ना नोकरांतली

लोवूडमध्ये शिक्षिका म्हणून जेनला वर्षाला १५ पौंड मिळतात. ती वर्तमानपत्रात जाहिरात देते आणि थॉर्नफिल्डची नोकरी मिळवते, वर्षाला ३० पौंड. म्हणजे दुप्पट!

गव्हर्नेस म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. श्रीमंतांच्या घरी राहून मुलींना वाचन, फ्रेंच, पियानो, चित्रकला, शिवणकाम शिकवणारी सुशिक्षित बाई. घरची म्हणावी तर पाहुणे आले की कोपऱ्यात बसायचं. नोकर म्हणावं तर नोकर तिला आपल्यातली मानत नाहीत. त्या काळी सुशिक्षित, निर्धन मुलीला अब्रूनं पोट भरायचे रस्ते तरी किती होते? शिकवणं, नाहीतर लग्न. १८५१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशा जवळपास २५ हजार गव्हर्नेस होत्या.

शार्लट स्वतः त्यांतलीच एक. १८३९ मध्ये तिनं काही महिने ही नोकरी केली, मुलं सांभाळून वर ढिगानं शिवणकाम केलं. १८४१ मधल्या दुसऱ्या नोकरीत पगार होता २० पौंड, पण त्यातून कपडे धुण्याचे चार पौंड कापले जायचे. म्हणून जेनच्या गोष्टीत पौंड-शिलिंग इतके नेमके येतात. ज्यांचा पगार असा कापला गेलाय, त्यांनाच हिशेब असा पाठ असतो.

थॉर्नफिल्डमध्ये मिसेस फेअरफॅक्स जेनशी आईच्या मायेनं वागते, आणि लग्न ठरल्यावर सावधही तीच करते. वयात वीस वर्षांचं अंतर, पैशात जमीन-अस्मानाचा फरक, असे साहेब आपल्या गव्हर्नेसशी सहसा लग्न करत नाहीत, जपून राहा. जेनला राग येतो. पण म्हातारी चुकलेली नसते.

छोटी अ‍ॅडेल ही रॉचेस्टरच्या जुन्या फ्रेंच प्रेयसीची मुलगी. तो तिला पोसतो आणि तिच्यासमोर तिची टिंगलही करतो. जेन तिच्यावर एकदम जीव ओवाळून टाकत नाही. पण ही पोर अनौरस आहे, आईनं टाकलेली आहे, हे कळल्यावर तिला आणखी जवळ घेते. पोसलेल्या पोरीचं दुःख दुसरी पोसलेली पोरच जाणणार!

आणि रॉचेस्टर? देखणा नाही, तिरसट, लहरी, खोटारडा. तरी जेनला तो आवडतो, कारण तो तिच्याशी बोलतो. तिचं मत विचारतो, तिच्या उत्तरावर विचार करतो. अठरा वर्षांच्या, दिसायला साध्या, कुणीही न विचारलेल्या मुलीला हे केवढं मोठं वाटलं असेल! उलट ब्लांश इन्ग्रॅम ही रूपवान, उमराव घराण्यातली, सगळ्या गव्हर्नेसची जेनच्या देखत टर उडवणारी. रॉचेस्टरची संपत्ती वाटली तेवढी नाही, अशी आवई उठताच ती थंड पडते. तिच्याही नात्यात पैसा आहेच. पण जेनला कुणाचे पैसे नकोत, तिला स्वतःचे हवेत. हा फरक मोठा आहे.

रेशमाचं दुकान आणि एक पत्र

मागणी घातल्यावर रॉचेस्टर जेनला मिलकोटला रेशमाच्या दुकानात नेतो. भारी कापडं, दागिने, जवाहिर… तो जितकं घेऊ लागतो तितका तिचा चेहरा उतरतो. आपण सजवलेली बाहुली होतोय, असं तिला वाटू लागतं. ती त्याला बजावते, की मी अ‍ॅडेलची गव्हर्नेस म्हणून काम करतच राहणार. राहणं-जेवण आणि वर्षाला ३० पौंड मला पुरतात. माझे कपडे मी त्यातून घेईन. तुम्ही फक्त आदर द्या, म्हणजे मी तुम्हाला माझा देईन, फिटंफाट.

आणि इथेच ती एक गोष्ट मनाशी ठरवते. तिचे एक काका मदेरा बेटावर व्यापारी आहेत. जेनला दत्तक घ्यायची इच्छा कळवणारं त्यांचं पत्र मिसेस रीडनं तीन वर्षं दडवलं होतं, वर मुलगी मेली असंही कळवलं होतं. आपल्या नावावर चार पैसे असले, तर नवऱ्यानं मढवलेली बाहुली होऊन राहणं सुसह्य होईल, या विचारानं जेन काकांना लिहिते, की मी जिवंत आहे आणि लग्न करतेय.

पुढे काय होतं, आठवून बघा. त्या पत्राच्या वेळी काकांकडे जमैकाचा मेसन उतरलेला असतो. रॉचेस्टरचं नाव ऐकताच तो हादरतो, कारण रॉचेस्टरची बायको ही त्याची सख्खी बहीण! तो तडक इंग्लंड गाठतो आणि वेदीपाशी लग्न मोडतं. म्हणजे जेनला कुणी दैवानं वाचवलं नाही. तिला वाचवलं ते तिच्या स्वतःच्या पैशाच्या ओढीनं. दागिन्यांनी खूष होऊन ती गप्प बसली असती, तर पत्र गेलं नसतं आणि एका विवाहित माणसाशी तिचं खोटं लग्न लागून गेलं असतं.

माळ्यावरचे ३० हजार

आता बर्था मेसनकडे येऊ. रॉचेस्टर धाकटा मुलगा. सगळी जमीन थोरल्याला द्यायची म्हणून बापानं धाकट्यासाठी जमैकातली श्रीमंत मुलगी शोधली. हुंडा ३० हजार पौंड, वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्याचा पैसा. हे मळे कुणाच्या घामावर उभे होते, ते वेगळं सांगायला नको. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला तो १८३३ मध्ये.

जेनचे ३० आणि बर्थाचे ३० हजार! पण ३० पौंड जेनचे स्वतःचे होते. बर्थाचे ३० हजार मात्र तिचे कधीच नव्हते. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यानं लग्न होताच बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. मग ती वेडी झाली आणि खिडकी नसलेल्या खोलीत कोंडली गेली. तिला सांभाळणाऱ्या ग्रेस पूलला भक्कम पगार. पुढे तर रॉचेस्टर तिला वर्षाला २०० पौंड देण्याची भाषा करतो. मुलीला शिकवणाऱ्या बाईला ३०, आणि गुपित सांभाळणारीला २००!

रॉचेस्टरची बाजूही नोंदवायला हवी. १८५७ च्या कायद्याआधी घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि वेड हे इंग्लंडमध्ये घटस्फोटाचं कारण मानलं गेलं ते थेट १९३७ मध्ये. तोही फसवला गेलाय. पण बर्था कशी होती, हे आपल्याला फक्त त्याच्याच तोंडून कळतं. तिला कादंबरीत एक वाक्यही नाही. जीन ऱ्हीसनं १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून ती उणीव भरून काढली. तरी बर्थाचा एक प्रसंग बोलून जातो. लग्नाच्या दोन रात्री आधी ती जेनच्या खोलीत येते, जेनला हातही लावत नाही. रॉचेस्टरनं लंडनहून मागवलेला भारी झिरझिरीत व्हेल तेवढा टराटरा फाडते आणि पायदळी तुडवते. जेन मग लग्नाला जाते ती स्वतः तयार केलेला साधा व्हेल घालून. पहिल्या बायकोनं दुसरीला दिलेला हा इशाराच नव्हे का?

लग्न मोडल्यावर रॉचेस्टर विनवतो, की दक्षिण फ्रान्सला जाऊ, एकत्र राहू, तुला विचारणारं आहे तरी कोण? जेनला मोह होतो, खूप होतो. पण तिनं त्याच्या तोंडून जुन्या प्रेयसींच्या गोष्टी ऐकल्यात. त्यांच्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजात आलेला तिटकारा ऐकलाय. उद्या माझ्याबद्दलही तो असाच बोलेल, हे तिला लख्ख दिसतं. कुणी विचारणारं नसलं तरी स्वतःला तर स्वतःची किंमत असायला हवी! वीस शिलिंग घेऊन ती पहाटे घर सोडते. त्यानं दिलेली मोत्यांची माळ मागेच ठेवते.

दुसरी मागणी

वीस शिलिंग गाडीभाड्यातच संपतात. पावासाठी रुमाल आणि हातमोजे देऊ करायची पाळी येते, डुकरासाठी टाकायला काढलेली लापशी ती मागून खाते. अखेर रिव्हर्स भावंडांच्या दारात कोसळते. डायना आणि मेरी या दोघीही गव्हर्नेस. बरोबरीची मैत्री म्हणजे काय, ते जेनला पहिल्यांदा इथे मिळतं. शुद्धीवर आल्यावर ती मागते ते काम. मोर्टन गावच्या शाळेत तिला नोकरी मिळते, पगार पुन्हा ३० पौंड!

मग काका वारल्याची बातमी येते आणि जेनच्या नावावर २० हजार पौंड! हीच भावंडं तिची सख्खी आतेभावंडं निघतात. काकांनी भांडणापायी त्यांना सुतकी अंगठ्यांसाठी फक्त ३० गिनी ठेवलेल्या. जेन सरळ चार वाटे करते, प्रत्येकी पाच हजार. उपकार म्हणून नाही, तर कुणी कुणाचं मिंधं राहू नये म्हणून. बहिणींना पुन्हा परक्याच्या घरी राबावं लागू नये म्हणून.

भाऊ सेंट जॉन मात्र वेगळ्या मुशीतला. तो मिशनरी होऊन भारतात निघालाय. जेनला जर्मन सोडायला लावून हिंदुस्थानी शिकवतो आणि एक दिवस मागणी घालतो. प्रेम नाही, कर्तव्य म्हणून. तू श्रमासाठी जन्मलीस, प्रेमासाठी नाही, असा त्याचा सूर. गावातल्या रोझमंडवर त्याचा जीव आहे, पण ती मिशनच्या कामाची नाही म्हणून त्यानं स्वतःचंच मन मारलंय. बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही, हे जेनचं म्हणणं त्याला मान्य नाही. नकार दिलास तर मला नाही, देवाला नाकारतेस, असं तो ऐकवतो.

रॉचेस्टरला प्रेम हवं होतं, पण मान जाणार होता. सेंट जॉनकडे मान मिळाला असता, पण प्रेम नव्हतं. रॉचेस्टरचा मोह ओळखता तरी येतो. सेंट जॉनची सक्ती ओळखणं अवघड, कारण ती चांगुलपणाच्या वेषात येते. ‘तुझ्याच भल्यासाठी’ किंवा ‘घरासाठी एवढं तर करशील’ हे ऐकलेल्या कुणालाही जेनची घुसमट कळेल. ती जवळजवळ हो म्हणते. तेवढ्यात तिला रॉचेस्टरची हाक ऐकू येते… आणि ती निघते.

बरोबरीनं

थॉर्नफिल्ड जळून गेलंय. बर्थानं आग लावली, तिला वाचवायला गेलेल्या रॉचेस्टरची दृष्टी आणि एक हात गेला. बर्था वाचली नाही. फर्नडीनच्या घरात जेन त्याच्यासमोर उभी राहते आणि काय सांगते? मी आता श्रीमंत आहे, स्वतःची मालकीण आहे. तुम्हाला नको असेन तर शेजारी घर बांधून राहीन. मग ती त्याच्याशी लग्न करते. तिनं केलं, तिला करावं लागलं नाही.

नायक आंधळा झाल्यावरच बरोबरी का यावी, असा प्रश्न अनेक वाचकांना पडत आलाय आणि तो योग्यच आहे. बर्थाच्या मृत्यूवर उभा राहिलेला हा संसार, हीसुद्धा सलणारी गोष्ट. शिवाय विशेष तजवीज केली नाही, तर जेनचे पाच हजारही लग्नानंतर कायद्यानं रॉचेस्टरचेच! विवाहितेच्या मालमत्तेचे कायदे इंग्लंडमध्ये आले ते १८७० आणि १८८२ मध्ये. ते पाहायला शार्लट नव्हती, ती १८५५ मध्येच गेली.

१८४८ च्या डिसेंबरात एलिझाबेथ रिग्बी या समीक्षिकेनं ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये जेनवर कडक टीका केली. तिची तक्रार काय होती? या अनाथ मुलीला खायला मिळालं, ल्यायला मिळालं, शिक्षण मिळालं, तरी ही कुणाचे आभारच मानत नाही! एका बाईनंच दुसरीवर घेतलेला हा आक्षेप. खरं तर जेन बेसीला विसरत नाही, मिस टेंपलला नाही, डायना-मेरीला तर नाहीच. ज्यांनी अट न घालता दिलं, त्यांची ती जन्मभर ऋणी आहे. उपकाराची वसुली करणाऱ्यांपुढे मात्र तिची मान वाकत नाही.

आपल्या मुलींना जेनची प्रेमकथा जरूर सांगा. पण सांगताना त्या पाच पौंडांच्या बाकीचा प्रसंग गाळू नका. आवडत्या माणसाकडे हक्काचे पैसे मागताना आजही किती जणींची जीभ अडखळते!